विंचवाला बीपीची गोळी

मे संपत आला की आमच्याकडे आगोटीची घाई सुरू होते. कौलं परतून झालेली असतात, लाकडं खोपीत रचायची असतात, सुकटीला आणि बोंबलांना शेवटचं ऊन दाखवून डबे भरायचे असतात, आणि वरच्या बागेचा गडगा दर वर्षी कुठे ना कुठे ढासळलेला असतो. तो सावरताना माझ्या दिरांना विंचू चावला. चिरा उचलला, खालच्या गारव्यात तांबडा विंचू बसला होता, आणि त्याने मधल्या बोटाच्या पेराला नांगी मारली. भावोजी एरवी पायात काटा मोडला तरी हूं की चूं न करणारे. त्यांनी हात झटकला, चपलेने विंचू ठेचला आणि पाखाडी उतरून घरी आले. कांदा लावून झाला, चुना लावून झाला, चिंचोका उगाळून चिकटवून झाला. अर्ध्या तासाने कळ जरा मागे पडली असं तेच म्हणाले. पण पडवीत बसल्या बसल्या त्यांचा सदरा घामाने चिंब झाला. ऊन होतंच, म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. पाण्याचा तांब्या देताना माझी बोटं त्यांच्या हाताला लागली, तर हात गारठगार. भर उन्हात माणसाचा हात इतका गार कसा? मग लागोपाठ दोन उलट्या झाल्या, आणि समोर दिसली ती डमडम थांबवून आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्र गाठलं.

डॉक्टर मराठवाड्याकडची, अगदी तरुण मुलगी. तिने बोट नंतर बघितलं. आधी हाताची मागची बाजू भावोजींच्या तळपायांना लावली, मग नाडी मोजली, बीपी घेतला, छातीला आणि पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिली. "चावून किती वेळ झाला? अंदाजे नको, नीट आठवून सांगा." मग तिने सिस्टरना एक गोळी द्यायला सांगितली आणि आम्हाला बजावलं, यांनी आडवंच राहायचं, लघवीलाही उठायचं नाही, भांडं देऊ. दिरांचा मुलगा सुट्टीला डोंबिवलीहून आला होता. त्याने पाकिटावरचं नाव फोनवर शोधलं आणि त्याचा चेहराच उतरला. "काकू, ही बीपीची गोळी आहे. नाहीतर प्रोस्टेटची. बाबांना विंचू चावलाय!" मी काही बोलायच्या आत तो डॉक्टरांपुढे जाऊन उभा राहिला. मॅडम, बाबांना बीपी नाहीये, कधीच नव्हता. ती चिडली नाही. "हो, बीपीचीच आहे. विंचवालाही हीच," एवढं म्हणून ती तापाने फणफणलेल्या पुढच्या लेकराकडे वळली. दर तीन तासांनी गोळी आणि मध्ये मध्ये तळपायांना उलटा हात, असं रात्रीपर्यंत चाललं. केव्हातरी रात्री तिने हात लावला, आणखी थोडा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाली, "आले गरम. आता काळजी नाही."

पुतण्याचा मला राग आला नाही. बाप खाटेवर पडलेला, आपल्या हातात करण्यासारखं काहीच नाही, फक्त फोन आहे. त्या फोनने त्याला खरं तेच सांगितलं होतं. प्राझोसिन हे रक्तदाबाचंच औषध. मला जे बोचत राहिलं ते वेगळं होतं.

हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल, आणि कशावरून?

माझं माहेर महाडच्या बाजूला. सत्तरच्या दशकात आमच्या वाडीत दर उन्हाळ्यात एखादं तरी मूल विंचवाने जायचं. मोठ्या माणसांच्या बोलण्यात साप आणि विंचू असे जोडीनेच यायचे, आणि मला सापापेक्षा विंचवाची धास्ती जास्त होती, कारण साप वाट सोडून जातो, विंचू अंथरुणात येतो. शेजारच्या घरातला एक मुलगा मला आठवतो. माझ्यासोबत करवंदं काढायला यायचा. रात्री चावला. विंचू उतरवणारे एक म्हातारे बाबा यायचे, ते आले, कंदिलाच्या उजेडात बोटाभोवती दोरा बांधून पुटपुटत बसले. मुलगा आधी रडत होता, मग रडायचा थांबला, आणि सगळ्यांना वाटलं की उतार पडला. त्याची आई त्याच्या कपाळावरचा घाम पदराने पुसत होती, पुसला की परत येत होता. पहाटे त्याला खोकला लागला आणि तोंडाला गुलाबीसर फेस आला. इतकंच मला आठवतं, कारण पुढे आम्हा मुलांना तिथून घालवून दिलं. त्या फेसाचा अर्थ मला फार उशिरा कळला. फुफ्फुसांत पाणी झालेलं असतं ते.

त्याच मुलखात, बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात, १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. ते जालन्याकडचे. त्यांचं नाव आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, २०२२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाकीच्या महाराष्ट्रालाही झालं. पण मला त्यांच्या कामातला जो भाग राहून राहून आठवतो तो पुरस्काराचा नाही. विंचवाच्या रुग्णाला तेव्हा जे हाताशी असेल ते दिलं जायचं आणि पुष्कळ जण दगावायचे. हा तरुण डॉक्टर रुग्णाच्या खाटेपाशी रात्र रात्र बसून राहिला आणि जे दिसेल ते लिहीत गेला. ज्याला नुसती भयंकर कळ येते तो बहुधा वाचतो. ज्याला उलटी होते, दरदरून घाम फुटतो, ज्याचे हातपाय गार पडतात, त्याचं हृदय धोक्यात आहे. हे आज वाचायला सोपं वाटतं. तेव्हा कुठल्याही पाठ्यपुस्तकात ते अशा क्रमाने, अशा स्पष्टपणे नव्हतं. त्यांचा हा लेख १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. बिरवाडीच्या खाटांवरचा घाम लंडनच्या नियतकालिकात पोहोचला, याचं मला आजही भरून येतं.

घाम आणि गार हातपाय का, तर विंचवाचं विष मज्जातंतूंना इतकं चेतवतं की शरीरात ॲड्रेनालिनसारख्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हात-पाय थंड. आवळलेल्या वाहिन्यांमध्ये रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि मागे फुफ्फुसांत पाणी साचतं. प्राझोसिन हे औषध तेव्हा बाजारात नवं होतं, रक्तदाबासाठी. त्याचं काम काय, तर रक्तवाहिन्या आवळणारा जो इशारा आहे तो अडवायचा. विंचवाचं विष जे दार लावून घेतं, नेमकं तेच दार हे औषध उघडतं. डॉ. बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दोघांचा प्राझोसिनवरचा लेख १९८६ साली पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच आला. आधी गंभीर रुग्णांतले शंभरातले तीसेक जायचे, ते प्रमाण पुढे एक ते तीनवर आलं. विंचवाचं विष निकामी करणारं प्रतिविषही नंतर मिळू लागलं, आणि प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो हे त्यांनी चाचणी करून दाखवलं, तो लेख २०११ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. पण आडगावात, रात्री, जिथे प्रतिविष नाही तिथे आजही एक स्वस्त गोळी जीव धरून ठेवते. आणि ती बीपीची आहे.

हे सगळं मी गणपतीत माझ्या भाचीला सांगत होते. ती हिंजवडीला असते आणि तिचं कामच हे: जुन्या औषधांना नवा आजार शोधून देणं, तोही कॉम्प्युटरकडून. मोदकांची उकड मळता मळता तिने मला ते समजावलं. म्हणाली, "आत्या, तू नाही का स्थळं जुळवत? कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाचा मामा कुणाचा साडू, हे सगळं तुझ्या डोक्यात असतं, म्हणून एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन घरांबद्दल तू म्हणतेस की यांचं जमेल. तेच हे." त्याला ते नॉलेज ग्राफ म्हणतात. हजारो औषधं, हजारो आजार, मधे जनुकं आणि प्रथिनं, आणि कोण कुणाला चेतवतं, कोण कुणाला अडवतं याच्या लक्षावधी रेषा. कुठल्या औषधाने कुठला आजार बरा होतो, याच्या माहीत असलेल्या जोड्या आधी यंत्राला दाखवायच्या. त्यावरून ते शिकतं की जुळणाऱ्या जोडीमधल्या वाटा साधारण कशा असतात. मग ज्यांची जोडी अजून कुणीच लावलेली नाही तिथे ते गुण देतं. दुसरीही एक रीत तिने सांगितली. आजारात काही जनुकं जोर धरतात, काही मंदावतात. ज्या औषधाने याच्या बरोबर उलट होतं ते शोधून काढायचं. हार्वर्डमधल्या मारिंका झिटनिक यांच्या गटाने २०२४ साली अशी एक प्रणाली मांडली, तिच्यात १७,०८० आजार आहेत, त्यातल्या पुष्कळांवर आज एकही औषध नाही.

मी विचारलं, याने प्रत्यक्षात एखादा तरी माणूस वाचलाय का? तिने बॅरिसिटिनिबचं सांगितलं. ती संधिवाताची गोळी. २०२० च्या फेब्रुवारीत, जेव्हा आपल्याकडे कोरोना अजून बातम्यांतच होता, लंडनच्या बेनेव्होलंट ए.आय. या कंपनीतल्या पीटर रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी आपल्या ग्राफमध्ये शोध घेऊन लिहिलं की ही गोळी विषाणूला पेशीत शिरताना अडवू शकेल आणि शरीराचा स्वतःवरच उलटलेला दाहही शमवू शकेल. नुसतं लिहिलं म्हणून कुणी ती वाटत सुटलं नाही. हजारो रुग्णांवर चाचण्या झाल्या, मृत्यू कमी होतात हे दिसलं, आणि २०२२ च्या मे महिन्यात अमेरिकेत तिला कोरोनासाठी रीतसर मान्यता मिळाली. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या मेमध्येच, आणीबाणीचा वापर म्हणून ती दिली जाऊ लागली होती. त्या मेमधले दिवस आठवले की माझ्या पोटात अजून गोळा येतो. आमच्या ओळखीचे एक मास्तर रत्नागिरीला दाखल होते आणि त्यांचा मुलगा चिठ्ठी घेऊन औषधांची दुकानं पालथी घालत होता. त्या चिठ्ठीवर याच गोळीचं नाव होतं की नव्हतं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. मास्तर परत आले.

पण त्याच कोरोनात आम्ही दुसरंही बघितलं. मलेरियाची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. तिच्या बाबतीत धीर धरायला कुणी तयार नव्हतं. दुकानांतून ती नाहीशी झाली. माझ्या नणंदेला ल्युपस आहे, शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार, आणि ती गोळी तिला रोज लागते. २०२० च्या एप्रिलमध्ये तिने अर्धी अर्धी गोळी खाऊन दिवस काढले, सांधे सुजलेले, उंबरठा ओलांडायचा तर हात धरावा लागायचा. जूनमध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने सांगितलं की दवाखान्यात दाखल झालेल्या कोरोना रुग्णांना तिचा उपयोग नाही. म्हणजे जिला खरोखर हवी तिला मिळाली नाही, आणि ज्यांनी साठवून ठेवली त्यांना तिचा फायदा नव्हता. म्हणून भाची उत्साहाने "गुण" सांगते तेव्हा मी ऐकते, पण माझ्या मनात नणंदेचे गुडघे असतात. यंत्राने नुसतं बोट दाखवायचं. पुढचं, माणसांवर बघणं, धीराने, मोजून मापून, ते यंत्राला उरकता येत नाही आणि ते कुणी टाळूही नये. भाची यावर वाद घालत नाही. तीही म्हणाली, "आमच्या यादीतल्या बहुतेक जोड्या चाचणीत टिकत नाहीत."

उकड झाकून ठेवली आणि सारण ढवळताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यात जास्त आवडली. १९६४ साली ईस्टर बेटावर एक कॅनडाची वैद्यकीय मोहीम गेली होती, तिने तिथली माती आणली. मॉन्ट्रियलच्या एका औषध कंपनीत सुरेंद्रनाथ सहगल हे आपले शास्त्रज्ञ होते. त्या मातीतल्या जिवाणूपासून त्यांच्या गटाने एक पदार्थ वेगळा केला, बुरशीचा नाश करणारा. १९८० च्या दशकात ती प्रयोगशाळा बंद करून काम अमेरिकेत हलवलं, या पदार्थात कुणाला रस उरला नव्हता. सहगलांनी तो थोडा बाटल्यांत भरून घरी नेला आणि घरच्या फ्रीझरमध्ये ठेवला. पुढे तेच सिरोलिमस झालं. १९९९ साली किडनी बदललेल्या रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून. आणि मग डेव्हिड फायगेनबॉम नावाचा एक अमेरिकन विद्यार्थी, डॉक्टरकी शिकता शिकताच कॅसलमन या दुर्मीळ आजाराने मरणाच्या दारात जाऊन जाऊन परत आलेला. त्याने स्वतःच्या रक्ताचे नमुने तपासले, शरीरातल्या इशाऱ्यांची कुठली साखळी बेलगाम झाली आहे ते ओळखलं, आणि ती अडवणारं औषध दुकानात आधीपासूनच आहे हे त्याच्या लक्षात आलं. सिरोलिमस. २०१४ पासून तो ते घेतो आहे आणि आजार परतलेला नाही. आता त्याने एव्हरी क्युअर नावाची संस्था काढली आहे, मान्यता असलेलं प्रत्येक औषध प्रत्येक आजारापुढे यंत्राकडून धरून बघायचं म्हणून. हे काम कंपन्या सहसा करत नाहीत. पेटंट संपलेल्या स्वस्त गोळीवर नवी चाचणी करायला कोट्यवधी रुपये लागतात आणि ती कुणीही बनवू शकत असल्याने ते पैसे परत येत नाहीत.

मला त्या फ्रीझरपाशीच थांबावंसं वाटलं. कुणाला नको असलेली गोष्ट एका माणसाने फेकली नाही.

मग मी भाचीला माझा प्रश्न विचारला. तुझं यंत्र १९८२ च्या आधी असतं, तर विंचवाला प्राझोसिन हे त्याने सांगितलं असतं का? तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, विंचवाच्या विषाने शरीरात काय होतं हे कागदावर असतं तर क्षणात सांगितलं असतं. इतकी सरळ रेष आहे ती. नसतं तर कधीच सांगितलं नसतं. त्याला घाम दिसत नाही, आत्या. त्याला फक्त लिहिलेलं दिसतं.

त्यावर मी बरेच दिवस विचार करते आहे. आपल्या कोकणातल्या आजारांचं लिहिलेलं आहे तरी काय? लेप्टोचं, म्हणजे उंदरांच्या मुतातून चिखलपाण्यात उतरणाऱ्या तापाचं, थोडंफार आहे. लावणीच्या दिवसांत चिखलात उभ्या असणाऱ्यांना आठवड्याला डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात, आशाताई बांधावर येऊन हातात ठेवतात. ते औषध साठच्या दशकातलं, भलभलत्या जंतुसंसर्गांवर दिलं जाणारं. आठवड्यातून एकदा घेतलं तर लेप्टो आधीच टाळता येतो हे पनामाच्या जंगलात सराव करणाऱ्या अमेरिकन सैनिकांवर बघितलं गेलं, १९८४ साली ते छापून आलं. सैनिक आजारी पडणं त्यांच्या सैन्याला परवडणारं नव्हतं, म्हणून तिथे मोजदाद झाली. त्या मोजणीच्या जोरावर आमच्याकडची बाई आज गुडघाभर चिखलात निर्धास्त उभी राहते, याचं मला समाधानही आहे आणि त्यात एक सलही आहे.

माकडतापाचं तर तेवढंही नाही. दोडामार्ग आणि बांद्याकडे काजूच्या हंगामात माणसं बागेत जातात, पाचोळ्यात बसतात, गोचीड चावते. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा आजार सिंधुदुर्गात २०१६ पासून ठाण मांडून आहे. त्याच्यावर नेमकं औषध नाही. ताप उतरवायचा, सलाईन लावायचं, रक्तस्राव होतो का बघायचं. जुनी लस होती, तिचा गुण येईना म्हणून ती थांबली. जगाच्या नकाशावर हा आजार सह्याद्रीची एक पट्टी सोडून कुठे नाही, आणि ज्यांना होतो ते काजू वेचणारे. नवं औषध शोधायला दहा-पंधरा वर्षं आणि अफाट पैसा कोण घालणार? म्हणूनच मला या यंत्राबद्दल इतकी आस्था वाटते. दुसऱ्या कुठल्या तापासाठी, दुसऱ्या कुठल्या विषाणूसाठी बनवलेली एखादी गोळी आत्ता, या क्षणी बांद्याच्या औषधाच्या दुकानात फळीवर पडलेली असू शकते. ती तिथे असेल तर ती सापडायलाच हवी. पण ज्यावर ती सापडेल ते कागद कुठे आहेत?

गणपती विसर्जन झाल्यावर मी भाचीला आमच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेले. डॉक्टर दुपारची ओपीडी संपवून डबा खात होती. तिने नोंदवही दाखवली. भावोजींची ओळ सापडली. नाव, वय, गाव, पुढे "विंचूदंश", पुढे "सुधारणा". बस. मी म्हटलं, अहो, तुम्ही तर त्या दिवशी तास न् तास टिपून घेत होता. ती म्हणाली, ते केस पेपरवर, आणि केस पेपर रुग्णाकडे जातो. खरंच होतं. भावोजींचा केस पेपर आमच्या माजघरात रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. मी घरी येऊन तो उलगडला. किती वाजता चावला, पहिली गोळी किती वाजता, बीपी किती, छातीत आवाज आहे का, आणि उजव्या कडेला तिच्या बारीक अक्षरात वेळांपुढे "पाय थंड, पाय थंड, पाय कोमट, पाय गरम". घड्या पडलेल्या ठिकाणी शाई फुटायला लागली आहे. अशा किती पिशव्या असतील आमच्या तालुक्यात, आणि पावसाळ्यात वाळवीने खाल्लेल्या किती.

भाचीने दुसऱ्या दिवशी एक साधा तक्ता काढून नेला. नाव नको, गावही नको, फक्त वय, वेळा, लक्षणं, औषध, उतार किती तासांनी. डॉक्टर म्हणाली, कल्पना चांगली आहे, पण वर परवानगी मागावी लागेल, आणि भरायला माझ्याकडे वेळ नाही, रोज बाहेर बाकावर रांग बघता ना. तिचं बोलणं कुठेच चुकीचं नव्हतं. एकटी मुलगी, घरापासून इतक्या दूर, रात्रीही तीच आणि दिवसाही तीच. परवानगीचा अर्ज तिने तिथेच लिहिला. तक्ता मात्र सिस्टरनी हातात घेतला. त्या इथे कित्येक वर्षं आहेत, आमच्या वाडीतली निम्मी मुलं त्यांच्या हातावर जन्मली. त्यांनी चष्मा लावून एकेक रकाना बोटाने वाचला.

"परवानगी आली की मी भरीन," त्या म्हणाल्या. "पण हे पुढे कुणी वाचणार आहे ना? नुसतं कपाटात ठेवायला आमच्याकडे पुष्कळ कागद आहेत."

भाची म्हणाली, मी वाचीन. दर महिन्याला वाचीन आणि काय दिसलं ते तुम्हाला कळवीन.

सिस्टरनी मान हलवली आणि परत तक्त्याकडे बघितलं. "यात उतार किती तासांनी, असं विचारलंय. ज्याला उतार पडलाच नाही, त्याचं कुठे लिहू? गेल्या वर्षी एक पोर गेलं आमचं. उशिरा आणलं होतं."

भाची क्षणभर काही बोलली नाही. मग तिने पेन घेतलं आणि उभी रेघ मारून उजवीकडे आणखी एक रकाना वाढवला, बाकीच्यांपेक्षा रुंद.